रस्ता वाहनांचा की माणसांचा? दिल्लीच्या अनुभवाचा ताळेबंद

बँकेत खाते लहान असो वा मोठे, त्यातील रकमेच्या सुरक्षिततेचे नियम सारखेच असतात. सार्वजनिक रस्त्यावर मात्र असे घडत नाही. तेथे सर्वाधिक धोका पत्करावा लागतो तो ज्याच्याभोवती पत्र्याचे कवच नाही, अशा पादचाऱ्याला आणि सायकलस्वाराला. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. राजधानी दिल्लीत तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आढळते.

अपघात झाला की दोष पायी चालणाऱ्याच्या बेसावधपणाला किंवा चालकाच्या बेदरकारपणाला दिला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. परंतु माणसाकडून चूक होणारच, हे गृहीत धरून त्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये अशी रस्त्याची रचना करणे, हा आधुनिक रस्ते-अभियांत्रिकीचा पाया आहे.

वेगाचे गणित

वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेल्यास धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो. वेगमर्यादेचा फलक लावल्याने वेग कमी होतोच असे नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता चालकाला वेगाचे निमंत्रणच देत असतो. याउलट मार्गिका अरुंद असतील आणि चौकातील वळण काटकोनाजवळचे असेल, तर पोलीस उभा नसतानाही वाहन सावकाश वळते.

सुरक्षित रस्त्याची अंगे

दिल्लीत २०१० साली रस्ते आराखड्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यात आली, तर भारतीय रस्ते काँग्रेसने २०१२ मध्ये पादचारी सुविधांविषयीचे आपले निकष सुधारले. या निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी निर्वेध हवी. म्हणजे झाडे, दिव्यांचे खांब व फेरीवाले यांची जागा त्याव्यतिरिक्त. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. उंची जास्त असली की ज्येष्ठ नागरिक पदपथ सोडून रस्त्यावरून चालू लागतात. रुंद रस्ता ओलांडताना मध्ये थांबण्यासाठी सुरक्षित जागा हवी. पदपथाच्याच पातळीवर उचललेले ओलांडस्थळ असल्यास वाहनाला वेग कमी करावाच लागतो. पादचारी पूल हा यावरचा सोपा उपाय वाटतो खरा. परंतु जिने चढण्या-उतरण्याचे श्रम टाळण्यासाठी अनेक जण पुलाखालूनच रस्ता ओलांडतात.

एका प्रयोगाची कहाणी

या विचारांची मोठी कसोटी दक्षिण दिल्लीत लागली. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटर मार्गावर २००८ मध्ये बीआरटी मार्गिका सुरू झाली. मध्यभागी बस, तिच्या बाजूला मोटारी आणि कडेला स्वतंत्र सायकल मार्ग व पदपथ अशी तिची विभागणी होती. मोटारींच्या रांगा लांबल्या आणि टीका सुरू झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली. तरीही दिल्ली सरकारने २०१५ मध्ये ती मोडण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये तोडकाम सुरू झाले.

त्रुटी होत्याच. बसथांबे मध्यभागी असल्याने प्रवाशांना मोटारींच्या मार्गिका ओलांडाव्या लागत, सिग्नलची प्रतीक्षा लांबत असे आणि सायकल मार्गात दुचाकी शिरत. परंतु त्या वादाने हिशेबाचा एक मूलभूत प्रश्न उभा केला: मोजायची ती वाहने की माणसे? भरलेल्या एका बसमधील पन्नास प्रवासी आणि मोटारीतील एकटा चालक यांची नोंद 'एकेक वाहन' अशी झाली, तर ताळेबंद जुळेल, पण वस्तुस्थिती दडून राहील. सायकलस्वार आणि पादचारी तर त्या वहीत बहुधा येतच नाहीत.

पुढील वाट

त्यानंतरचे प्रयत्न आश्वासक आहेत. गुरगावमध्ये नोव्हेंबर २०१३ पासून 'राहगिरी' उपक्रमात सुट्टीच्या सकाळी रस्ते मोटारींसाठी बंद ठेवून लोकांच्या स्वाधीन करण्यात आले. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा चांदणी चौकाचा मुख्य रस्ता नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला आणि तेथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना मनाई करण्यात आली. तरीही वाहने आत शिरत असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. रचनेला अंमलबजावणीची जोड हवी, हे यातून दिसते. महाराष्ट्रातही पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावरील पदपथ रुंद केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत दोन लाख रुपयांचे अपघाती विमा संरक्षण मिळते. प्रत्येक पात्र खातेदाराने ते अवश्य घ्यावे. परंतु विमा अपघातानंतर कुटुंबाच्या हाती येतो. रुंद पदपथ कमावता माणूस सायंकाळी घरी परत आणतो. म्हणूनच आपल्या प्रभागातील रस्त्याचे काम निघेल तेव्हा डांबराच्या थराबरोबरच पदपथाची रुंदी किती, हा प्रश्नही जागरूक नागरिकाने आवर्जून विचारावा.