ठसा (भाग ६) : घड्याळाची पाठ

गेल्या आठवड्यात आपण जळगावच्या सराफ बाजारात होतो. ठशावर चांदीचा पत्रा ठेवून, वर शिसं धरून ठोकलं की खंडोबाचा टाक कसा उमटतो, ते पाहिलं. आज तोच ठसा घेऊन स्वित्झर्लंडला जायचंय. लांब पडेल, पण वाट जुनी आहे. ल लोक्ल गावच्या फेवर-ल्यूबा घराण्याची घड्याळं १८६५ पासून मुंबईत विकली जात होती.

धुळ्यात आग्रा रोडवर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला चांदीचं जुनं खिशातलं घड्याळ दाखवलं होतं. मागचं झाकण त्यांनी नखानेच उचकटलं. आत ०.८०० आणि शेजारी रानकोंबड्यासारखा इवलासा पक्षी. १८८० च्या स्विस कायद्याने आलेली ही खूण. आपल्या भाषेत ऐंशी टंच. खानदेशात हे समजावून सांगावं लागत नाही. इथे चांदी हातात आली की पहिला प्रश्न टंचाचाच.

काकांना आतली चाकं दाखवायची होती. मी मात्र झाकणावरच्या वेलबुट्टीत अडकलो.

त्याच ल लोक्लमध्ये १८६८ साली ह्यूगनँ भावांनी कोरीवकामाचा कारखाना काढला. (जळगावची राजमल लखीचंद पेढी १८५४ ची, म्हणजे चौदा वर्षांनी थोरलीच.) काम घड्याळांच्या कवचांचं. एकेक झाकण हाताने कोरत बसलं तर दिवस मोडतो. पोलादात चित्र एकदाच उलटं कोरलं, पोलादाला पाणी दिलं, की शेकडो झाकणं निघतात. आणि असा ठसा कोरणारा हात घरात असला, की पदकं काही दूर नाहीत.

फरक जाडीचा. झाकणाचा पत्रा पातळ, उठाव जेमतेम. पदकाची चकती जाड; एका दाबात चेहरा पुरता उमटत नाही. दाबायची, भट्टीत तापवून नरम करायची, पुन्हा त्याच ठशाखाली बसवायची. केसभर सरकली तर चेहऱ्याला दोन नाकं! गिऱ्हाईकही तयार होतं. तिथल्या नेमबाजीच्या स्पर्धा म्हणजे आपल्याकडच्या कुस्त्यांच्या दंगली. बक्षीस कधी घड्याळ, कधी पदक. माझ्या मते या घराण्याचा जम बसला तो दोन्हीकडे पाय ठेवल्यामुळे. १९४८ च्या सेंट मॉरित्झ हिवाळी ऑलिंपिकची पदकं त्यांनीच घडवली.

ल लोक्ल ज्या नशातेल प्रांतात आहे, तिथेच १९१३ साली ईव्ह मादे द मारोस जन्मल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या सावित्रीबाई झाल्या आणि परमवीर चक्राचं चित्र त्यांनी केलं. ह्यूगनँशी त्याचा संबंध मी ओढूनताणून जोडणार नाही. कांस्याचं, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं पदक. मधोमध राजमुद्रा, भोवती चार वज्रं. फोटोत सगळे एवढंच बघतात. काकांच्या घड्याळासारखं तेही उलटं करून बघा: कडेने हिंदीत आणि इंग्रजीत नाव, आणि दोहोंच्या मधे दोन कमळं.