पेन्शन नाकारल्याच्या पत्रावरची तारीख

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातला जवान सेवा संपवून गावी येतो, पण त्याचे कागद गावी येत नाहीत. तो मराठा लाईट इन्फंट्रीत असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्यात असेल तर नाशिक रोडला. पेन्शनचा हिशेब प्रयागराजला. भांडण लष्करी न्यायाधिकरणात गेलंच, तर महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईत. एवढ्या लांबून अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र येतं. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा त्याचा मथितार्थ असतो. घरात ते पत्र फौजीच्या ट्रंकेत जातं आणि मुदत तिथंच संपून जाते.

या निर्णयावर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. ते फेटाळलं गेलं तर दुसऱ्या अपिलासाठी पुन्हा सहा महिने. त्यानंतरची पायरी न्यायाधिकरणाची. 2007च्या सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 22नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथं अर्ज जायला हवा. अपिलावर काही उत्तरच आलं नाही तर? मग सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा. ‘साहेबांचं उत्तर येईल’ म्हणून वर्षानुवर्षं थांबणारी घरं नेमकी इथंच अडकतात. कार्यालय गप्प असलं तरी मुदत पुढे सरकतच असते.

ज्यांची मुदत टळली, त्यांनी मात्र हातपाय गाळू नयेत. सबळ कारण दाखवलं तर न्यायाधिकरण विलंब माफ करू शकतं, ही सोय त्याच कलमात आहे. शिवाय पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून ती चुकीनं नाकारली असेल तर अन्यायही दर महिन्याला नव्यानं घडतो. तरसेम सिंग हे जवान 1983मध्ये वैद्यकीय कारणानं सेवेतून बाहेर पडले आणि थेट 1999मध्ये उच्च न्यायालयात गेले. 2008मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा हक्क उशिरामुळे बुडू दिला नाही. थकबाकी मात्र याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. सोळा वर्षांच्या उशिरात तेरा वर्षांचे पैसे गेले. जालन्यासारख्या कोरडवाहू भागात असे पैसे म्हणजे मुलीचं शिक्षण, नाहीतर विहीर.

उशीर झाल्यावर काय करायचं, हा पेच अमेरिकेतही पडला. कोरियन युद्धातले सैनिक डेव्हिड हेंडरसन तिथल्या अपिलाच्या 120 दिवसांच्या मुदतीपेक्षा पंधरा दिवस उशिरा पोचले. त्यांच्या मानसिक आजारामुळेच उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला चालू असतानाच ते वारले आणि पत्नीनं तो पुढे नेला. 2011मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही मुदत उलटली म्हणून न्यायालयाचा अधिकारच संपतो असं नाही.

आपल्याकडच्या घरांना माहीत असावा असा आणखी एक निकाल 2013चा, धरमवीर सिंग यांचा. भरतीच्या वेळी जवानाच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल आणि तो पुढे त्या आजारामुळे सेवेतून बाहेर पडला, तर आजार सेवेतूनच आला असं गृहीत धरायचं; तसं नसल्याचं दाखवण्याची जबाबदारी सरकारची. म्हणूनच डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद पीपीओइतकेच (पेन्शन देण्याच्या आदेशाइतकेच) जपायला हवेत.

माझं ठाम मत आहे की नकाराच्या पत्रात शेवटची तारीख मराठीत, ठळक अक्षरांत यायला हवी. अपिलाची ओळ इंग्रजीत असली तर ती कुणाकडून तरी वाचून घेण्यातच महिना जातो. तोवर घरच्यांनी हे करावं: पत्र आलं त्या दिवशीची तारीख त्याच्यावर लिहावी, पाकीट फेकू नये, मुदत पत्रावरच्या तारखेपासूनच मोजावी, अपील स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपावी आणि जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते दाखवून घ्यावं. फौजी हयात नसेल तरी वाट बंद होत नाही. न्यायाधिकरणाचा 2007चा कायदा निवृत्त जवानाच्या वारसांनाही लागू आहे, त्यामुळे त्याची पत्नी स्वतःच्या नावानं अर्ज करू शकते.