क्रियापद आणि कर्म यांच्या मधली जागा

नामपदबंध कितीही लांबला तरी वाक्यात तो एकाच पदाचं काम करतो, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. 'दि ऑफिस' हा एक नामपदबंध, आणि 'दि ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ दि युनायटेड स्टेट्स' हासुद्धा एकच. दुसरं उदाहरण मुद्दाम निवडलं होतं. या नामपदबंधाच्या आधी एक क्रियापद आहे, त्या क्रियापदाला एक क्रियाविशेषण आहे, आणि ते क्रियाविशेषण कुठे ठेवायचं यावरून एकदा साऱ्या जगासमोर गोंधळ उडाला होता.

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना अध्यक्षपदाची शपथ देत होते. शपथेचा मजकूर अमेरिकेच्या राज्यघटनेतच दिलेला आहे, अवघ्या ३५ शब्दांचा. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट दि ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ दि युनायटेड स्टेट्स'. रॉबर्ट्स यांनी हातात कागद न घेता शपथ सांगायला सुरुवात केली आणि 'फेथफुली' हा शब्द पार वाक्याच्या शेवटी गेला. ओबामा 'आय विल एक्झिक्यूट' एवढं म्हणून थांबले. चूक रॉबर्ट्स यांच्या लक्षात आली. त्यांनी अडखळत 'फेथफुली' पुढे आणलं आणि त्यामागून नामपदबंध जोडला. पण ओबामांनी तोवर पहिलाच, चुकलेला क्रम उचलला होता. 'फेथफुली' पुन्हा शेवटी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये, खबरदारी म्हणून, शपथ पुन्हा घेतली गेली.

कायद्याच्या दृष्टीने त्या दुसऱ्या शपथेची गरज होती की नाही, हा वकिलांचा विषय. आपल्याला या सगळ्यात 'फेथफुली'ने तीन वेगवेगळ्या जागा घेतल्या, याच्याशी काम आहे. घटनेत ते 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मध्ये आहे. रॉबर्ट्स यांच्या पहिल्या प्रयत्नात ते कर्माच्या नंतर गेलं. दुरुस्ती करताना ते क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये आलं.

पहिल्या दोन जागा इंग्रजीत राजमान्य आहेत. तिसरी एरवी बंद असते. 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली' हे बरोबर, 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' हे चूक. 'आय लाइक मँगोज व्हेरी मच' बरोबर. 'आय लाइक व्हेरी मच मँगोज' म्हटलं की समोरच्याला अर्थ कळतो, पण कान टवकारतात. कर्म असलेल्या इंग्रजी क्रियापदाला आपलं कर्म अगदी लागून हवं असतं. क्रियाविशेषणाने त्या जोडीच्या अलीकडे बसावं किंवा पलीकडे.

इंग्रजीचा एवढा हट्ट कशासाठी? मराठीत 'कुत्र्याला मुलाने हळूच उचललं' आणि 'मुलाने हळूच कुत्र्याला उचललं' या दोन्हींत कोणी कोणाला उचललं याबद्दल शंका राहत नाही. 'ने' आणि 'ला' ते सांगतात, त्यामुळे शब्दांनी जागा बदलल्या तरी चालतं. जुन्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. पुढच्या शतकांत ते झिजले. मग कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगण्याचं काम जागेवर आलं. क्रियापदाच्या आधी कर्ता, क्रियापदाला लागून कर्म. अर्थात एवढ्याने सगळं उलगडत नाही. फ्रेंचनेही नामांचे प्रत्यय गमावले, तरी 'मी वाचतो नेहमी वर्तमानपत्र' हाच तिथला साधा क्रम आहे. झाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ साली या फरकावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की फ्रेंच क्रियापद स्वतःच क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे सरकतं, इंग्रजी मुख्य क्रियापद जागचं हलत नाही. शेक्सपिअरच्या काळातलं इंग्रजी क्रियापदही असं सरकत असे. 'आय डोंट नो' ऐवजी 'आय नो नॉट' म्हणण्याची रीत त्याच काळातली. पुढे ती सवय सुटली.

'स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' ही मराठी विद्यार्थ्याची चूक मात्र फ्रेंचमधून आलेली नसते. 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' या वाक्याचा क्रम पाहा: कर्म, मग क्रियाविशेषण, मग क्रियापद. आपल्याकडे क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटून असतं आणि कर्म त्याच्या पलीकडे. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, एवढा एकच नियम पक्का डोक्यात ठेवून कोणी हे वाक्य उलटं मांडलं, तर आपोआप 'स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' तयार होतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या गेल्या तरी ही चूक गेली नाही, याचं कारण ती अज्ञानातून होत नाही. मराठी वाक्य आरशात धरल्यासारखी ती नेमकी आहे. म्हणून ती करणाऱ्याला नुसता लाल शेरा देऊन भागत नाही. 'स्पीक्स इंग्लिश' हा जोड आधी अखंड बोलायला लावावा आणि 'फ्लुएंटली' नंतर जोडायला सांगावं.

आता पुन्हा रॉबर्ट्स यांच्या दुरुस्तीकडे. मधली जागा बंद असेल, तर 'एक्झिक्यूट फेथफुली दि ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ दि युनायटेड स्टेट्स' हे व्याकरणात बसत नाही का? गंमत अशी की ते बसतं. जरा अवजड, जुन्या वळणाचं वाटतं, पण चूक नाही. कारण तो नामपदबंध लांब आहे. कर्म वजनदार झालं की इंग्रजी त्याला वाक्याच्या टोकाला जाऊ देते आणि क्रियापदाशी असलेली गाठ थोडी सैल करते. 'शी एक्स्प्लेन्ड केअरफुली दि रूल' कानाला खटकतं. 'शी एक्स्प्लेन्ड केअरफुली दि रूल दॅट एव्हरीबडी हॅड बीन ब्रेकिंग' चालतं, किंबहुना तेच बरं वाटतं. 'केअरफुली' पार शेवटी नेलं तर ते 'ब्रेकिंग'चं क्रियाविशेषण वाटू लागतं आणि नियम काळजीपूर्वक मोडले जात होते असा भलताच अर्थ निघतो. उलट, कर्म जितकं हलकं तितकी गाठ घट्ट. 'एक्झिक्यूट फेथफुली इट' कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. लहान पद आधी, मोठं नंतर, ही ओढ अनेक भाषांत आहे. जर्मन अभ्यासक ओटो बेहागेल यांनी १९०९ मध्ये ती नियम म्हणून मांडली होती.

मुळात 'फेथफुली' आपल्या जागेवरून का हललं, याचं एक मजेदार स्पष्टीकरण भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्याच आठवड्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दिलं. 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्यासारख्या जोडीच्या मध्ये क्रियाविशेषण घालू नये, असा एक समज अमेरिकेतल्या कायद्याच्या लेखनात रुजलेला आहे. रॉबर्ट्स यांच्या मनातल्या व्याकरणशिक्षकाने राज्यघटनाच दुरुस्त केली, असं पिंकर यांचं म्हणणं. हा अंदाज आहे, पण मला तो पटतो. त्या समजाला आधार मात्र काही नाही. 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये काही येऊ नये, असं हेन्री आल्फर्ड यांच्यासारख्यांनी १८६४ मध्ये बजावलं, आणि घाबरलेल्या लेखकांनी ती बंदी 'विल', 'हॅव', 'इज' यांच्यापर्यंत ताणली. शब्दांच्या बाबतीत काटेकोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फाउलर यांनीही १९२६ मध्ये सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण घालायला काहीच हरकत नाही, असा निर्वाळा दिला होता. खरं तर ती त्याची अगदी नैसर्गिक जागा आहे: पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर. सहायक नसेल तर मुख्य क्रियापदाच्या आधी, 'ही ऑफन फर्गेट्स'. 'बी' या क्रियापदाची रूपं मात्र एकटी असली तरी सहायकासारखी वागतात, म्हणून 'ही इज ऑफन लेट'.

प्रत्येक क्रियाविशेषणाला ही मधली जागा मिळत नाही. 'ऑफन', 'ऑलवेज', 'नेव्हर' तिथे मजेत बसतात. 'वेल' बसत नाही. 'शी वेल सिंग्ज' कोणी म्हणत नाही. काही शब्दांना दोन्ही जागा मिळतात, पण अर्थ बदलतो, आणि विद्यार्थ्यांनी वेळ घालवावा तो इथे. 'ही फूलिशली आन्सर्ड दि क्वेश्चन' म्हणजे त्याने उत्तर दिलं हाच मूर्खपणा झाला; उत्तर कदाचित हुशारीचं असेल. 'ही आन्सर्ड दि क्वेश्चन फूलिशली' म्हणजे उत्तरच मूर्खासारखं. क्रियापदाआधीचं क्रियाविशेषण सगळ्या घटनेवर शेरा मारू शकतं, कर्मानंतरचं सहसा कृतीच्या रीतीला धरून राहतं. 'फेथफुली'च्या बाबतीत हा फरक जवळजवळ जाणवत नाही. म्हणून रॉबर्ट्स यांच्या पहिल्या वाक्याचा अर्थ घटनेतल्या वाक्यापेक्षा वेगळा नव्हता. चुकला तो फक्त ठरलेला मजकूर.

एक अपवाद राहिला, तो चांगला ठसठशीत आहे. 'स्विच ऑफ दि फॅन' यात 'स्विच' आणि 'दि फॅन' यांच्या मध्ये 'ऑफ' खुशाल बसलं आहे. 'ऑफ', 'अप', 'आउट' असले छोटे शब्द क्रियापदाचाच भाग झालेले असतात, त्यामुळे त्यांना आत प्रवेश आहे. 'स्विच दि फॅन ऑफ' हेही तितकंच बरोबर. पण नामाच्या जागी सर्वनाम आणा. 'स्विच इट ऑफ' एवढाच पर्याय उरतो, 'स्विच ऑफ इट' चालत नाही. वजनाचा तोच हिशोब इथेही. उलट कर्म खूप लांब असेल, 'छतावरचा, कालच दुरुस्त करून आणलेला पंखा' एवढं, तर 'ऑफ'ला पंख्याच्या मागे ताटकळत ठेवणं बोलणाऱ्याला जड जातं आणि ते क्रियापदालगत येतं. पुढच्या आठवड्यात 'ओन्ली' घेऊ. तो वाक्यात जवळजवळ कुठेही बसतो, आणि दरवेळी वेगळ्याच शब्दाकडे बोट दाखवू शकतो.