अर्ज कोण लिहिणार?

दहावीला मराठीत उत्तम गुण मिळविलेल्या एका मुलाला परवा अर्ज लिहायला सांगितला. गल्लीतल्या विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे, ग्रामपंचायतीने ती उपसून द्यावी, एवढीच मागणी. मुलाने अर्धे पान ‘पाणी म्हणजे जीवन’ यावर खर्ची घातले. विहीर कोणती, पाणी कधीपासून खराब, किती घरांची अडचण, याचा मात्र पत्ता नाही.

दोष मुलाचा नाही. आपण त्याच्याकडून निबंध पाठ करून घेतले, लिहायला शिकविलेच नाही. प्रश्नपत्रिकेत पत्रलेखन असते खरे. पण तिथला पत्ता काल्पनिक, तक्रार काल्पनिक आणि वाचणारा एकटा परीक्षक!

वास्तविक कामाचे लिहिणे शिकविण्याची आपली परंपरा जुनी. कारकुनाने पत्र कसे लिहावे, हिशेब कसा मांडावा, हे सांगणारी ‘मेस्तके’ हेमाद्रीच्या नावावर सांगितली जातात. मोडीचा कित्ता गिरविणारा पोरगा पुढे दप्तर सांभाळायचा.

सीमाभागात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे कलम ३५०-अ आले. त्याच्या आधीचे कलम ३५० तर थेट अर्जाविषयीच आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. हक्क कागदावर आहे. पण तो बजावायला आधी आपला कागद लिहिता यायला हवा.

कामाच्या ठिकाणीही हेच. पतसंस्थेचे इतिवृत्त वर्षानुवर्षे एकच वयस्क चिटणीस लिहितो. त्याच्यानंतर कोण, हे कुणाला ठाऊक नाही. फौंड्रीत पाळी बदलताना यंत्राचा बिघाड तोंडी सांगितला जातो. सांगणारा विसरला, की दुसऱ्या पाळीचा खोळंबा.

उपाय खर्चाचे नाहीत. शिक्षकांनी महिन्यातून एकदा खरा विषय आणि खरा वाचक द्यावा: बसथांब्याची अडचण, वाचनालयाला पुस्तकांची मागणी. पहिला खर्डा कच्चाच असू द्यावा. तो शेजारच्या मुलाने मोठ्याने वाचावा, न कळलेले विचारावे. मग पुन्हा लिहावे. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी पाहावे. अख्खे पान तांबड्या शाईने रंगविण्यापेक्षा दोनच चुका दाखवून त्या सुधारून घ्याव्यात. संस्थांनी दर सभेचे इतिवृत्त नव्या तरुण सभासदाकडून लिहून घ्यावे, जुन्याने तपासावे आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम करावे.

यात कन्नडशी वैर नाही. एका भाषेत मुद्दा नेमका मांडायची सवय लागलेला मुलगा दुसरी भाषा शिकताना तीच सवय घेऊन जातो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, ते योग्यच. आता त्या विहिरीचा अर्ज नीट लिहिणारी मुले घडवू या. भाषा सभेत गाजते, पण टिकते ती अशा साध्या कागदांवर.