बेलोऱ्याचे विमान आणि मोबाईलवरची टॅक्सी

बडनेऱ्याजवळील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. चांदूर रेल्वेच्या व्यापारी बंधूंची सोय झाली खरी. परंतु विमानातून उतरल्यावर गाव गाठायचे कसे? मुंबईच्या सवयीने ओला-उबरवर विसंबणाऱ्यांनी त्यामागचा हिशेब समजून घ्यावा.

या कंपन्या जवळच्या मोकळ्या चालकाशी ग्राहकाची गाठ घालून देतात. मुंबईत विमानांची रीघ असते, म्हणून चालक तेथे थांबतो. बेलोऱ्यास सत्तरएक आसनांचे विमान येऊन जाते, मग शुकशुकाट. तेवढ्यासाठी अमरावतीहून सुमारे १५ किलोमीटर रिकामी गाडी कोण आणील? शिवाय चांदूरहून परतीचे भाडे मिळेलच असे नाही. केंद्राच्या जुलै २०२५ च्या सूचनांनुसार गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दुपटीपर्यंत भाडे आकारता येते. पण गाडीच जवळ नसेल तर दराचा काय उपयोग?

म्हणून आमचा सल्ला असा की, आदल्या दिवशीच गावातील पिवळ्या नंबरप्लेटची गाडी ठरवावी. थांबण्याचे पैसे व विमानास उशीर झाल्यास काय, हे आधीच बोलून घ्यावे. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

गाडीवाल्या तरुणांनीही विमानाचे वेळापत्रक जवळ ठेवावे. मुंबईस जाणारा प्रवासी सोडून त्याच विमानाने आलेला घेतला, तर रिकामी फेरी वाचते. या धंद्यातला नफा आम्हास तेथेच दिसतो.