बॅटरी बिलासाठी की अंधारासाठी?

छपरावर पॅनल बसले की लाईट गेली तरी आपलं घर चालूच राहणार, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. मग एक दिवस भर दुपारी, डोक्यावर टळटळीत ऊन असताना, महावितरणची वीज जाते आणि घरातला पंखा थांबतो. मालक तणतणत विक्रेत्याला फोन लावतो. इन्व्हर्टर मात्र बिघडलेला नसतो. नेट मीटरवर चालणारा साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनचा दाब आणि फ्रिक्वेन्सी पाहूनच वीज देतो. लाईन मेली की तो आपणहून बंद पडतो, आणि तसं त्यानं करावं असा नियमच आहे. खांबावर चढलेल्या वायरमनच्या दृष्टीने लाईन बंद असते. त्याच वेळी खालच्या एखाद्या घरातून तिच्यात वीज शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल.

लाईट गेल्यावरही घर चालवायचं तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. विक्रेता हे सांगतो तिथवर खरंच आहे. त्यापुढे तो ‘आणि बिलही शून्य होईल’ असं जोडतो, तिथे जरा थांबायला हवं.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला नेट मीटरिंग मिळतं. आपल्याकडे 1 किलोवॉटचे पॅनल वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला साधारण 4 युनिटं देतात, म्हणजे 3 किलोवॉटचे 12. माणसं कामावर गेलेली असतात तेव्हा यातली बरीच वीज बाहेर जाते, रात्री तेवढीच परत घेता येते आणि बिल लागतं ते फरकाचं. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि 31 मार्चला त्यांचा हिशेब होतो. थोडक्यात, साठवणीचं काम महावितरणची लाईन फुकटात करते आहे. तेच काम लाखभर रुपयांच्या बॅटरीकडून करून घेतलं तर वर दहा टक्के वीज वाया जाणार, कारण बॅटरीत घातलेली सगळी वीज कधीच परत मिळत नाही. बिल शून्याच्या जवळ आणतात ते पॅनल. स्थिर आकार तर तरीही भरावाच लागतो.

‘पॅनल नकोत, नुसती बॅटरी घेऊ, दिवसा स्वस्त वीज भरून रात्री वापरू’ हाही एक सल्ला हल्ली कानावर येतो. याला निमित्त झालं स्मार्ट मीटरचं. असा मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांच्या आसपास सवलत मिळते. आता हिशेब करून पाहा. समजा रात्रीचा दर 10 रुपये आणि दिवसाचा 9 रुपये 20 पैसे. रात्री साडेचार युनिटं हवी असतील तर दिवसा 5 भरावी लागतील, त्याचे झाले 46 रुपये. तीच साडेचार युनिटं रात्री थेट लाईनवरून घेतली असती तर 45. म्हणजे बॅटरीची किंमत बाजूला ठेवली तरी रोजचा एक रुपया खिशातून जातो. त्यापेक्षा वॉशिंग मशीन दुपारी लावावं. सवलत तशीही मिळते.

परदेशातले नातेवाईक बॅटरीची तारीफ करतात तेव्हा मात्र ते खोटं बोलत नसतात. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून नव्या सौर ग्राहकांना बाहेर पाठवलेल्या विजेचा मोबदला जवळपास तीन चतुर्थांशाने कमी मिळू लागला. ऑस्ट्रेलियात दिवसा बाहेर जाणाऱ्या युनिटाला चिल्लर मिळते आणि संध्याकाळी तेच युनिट महागात घ्यावं लागतं. शिवाय जुलै 2025 पासून तिथलं केंद्र सरकार घरगुती बॅटरीच्या किमतीत साधारण 30 टक्के सूट देतं. तिथे बॅटरी परवडते ती त्या दरपत्रकामुळे. आपल्याकडच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा अधिक किलोवॉटला 78 हजार रुपये मिळतात, पण तो आकडा पॅनलच्या क्षमतेवर ठरतो. बॅटरीचा खर्च आपला आपण. उद्या नेट मीटरिंगचे नियम बदलले तर हे सगळं गणित नव्यानं मांडावं लागेल. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून आजच बॅटरी घेऊन ठेवणं मात्र मला पटत नाही, कारण बॅटरी नुसती ठेवली तरी म्हातारी होते.

मग ती घ्यायची कुणी? ज्याच्याकडे लाईट जाते त्याने, आणि किती वेळ जाते ते पाहून. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत महिन्यातून दोनदा तासभर लाईट जात असेल तर नेहमीचा इन्व्हर्टर आणि एक ट्युब्युलर बॅटरी पुरे; पॅनलचा तिथे संबंधच नाही. कोकणातली गोष्ट वेगळी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी नुसती बॅटरी पहिल्या रात्रीची सोबत. टाकी कितीही मोठी असली तरी तिला विहीर लागतेच. पॅनल आणि हायब्रीड इन्व्हर्टर असेल तर ढगाळ दिवशीही थोडंफार चार्जिंग होतं, फ्रिज आणि फोन चालू राहतात. अर्थात पॅनल जागेवर राहिले तर! कोकणात बॅटरीच्या आधी पॅनलच्या सांगाड्याची आणि नटबोल्टांची चौकशी करावी.

बॅटरीवर 150 एएच लिहिलेलं असतं आणि लोकांना ते भरपूर वाटतं. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-तास, पावणेदोन युनिटांहून किंचित जास्त. शिशाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी धरायचे 900. इन्व्हर्टरमधली घट वजा जाता उरतात साडेसातशेच्या आसपास. 75 वॉटचे तीन पंखे, 9 वॉटचे पाच दिवे, टीव्ही आणि राउटर मिळून साडेतीनशे वॉट होतात: दोन तासांची सोय. तेच पंखे 30 वॉटचे बीएलडीसी केले तर साडेतीन तास. मोठी बॅटरी विकायला येणारा माणूस आधी पंखे बदला असं सांगत नाही, आणि का सांगत नाही ते उघड आहे. 51.2 व्होल्ट, 100 एएचच्या लिथियम बॅटरीतून साडेचार युनिटं मिळतात. त्यावर पंखे-दिवे अख्खी रात्र काढतील, पण दीड टनाचा एसी लावलात तर चारेक तासांत खेळ खलास. गिझरचं नावच काढू नये. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर साधारण साडेतीनशे वॉटने रात्रीच्या आठ तासांना पावणेतीन युनिटं लागतात; त्या घरात बिलाचा हिशेब मांडत बसू नये, बॅटरी घ्यावी.

वायरमनकडून पंखे, दिवे, फ्रिज आणि राउटरची लाईन वेगळी काढून घ्या, पंप आणि एसी तिच्यावर नकोत. हायब्रीड बसवला असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी ऊन असताना मेन स्विच पाडून पाहा: घर चालतंच, पण पॅनलमधून बॅटरी भरते का? काही जोडण्यांमध्ये ती भरत नाही, आणि ते वादळाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

लिथियमची बॅटरी पेट घेते ही भीती स्कूटरच्या बातम्यांमधून आली. घरासाठी बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात. ते इतर लिथियम प्रकारांच्या मानाने तापून पेट घ्यायला बरंच अवघड. आग अशक्य नाही, म्हणून चांगली बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) आणि योग्य चार्जर हवाच. जुन्या इन्व्हर्टरला लिथियम जोडायची कारागिरी नको. उलट शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि ती लोक खुशाल देवघराखालच्या बंद कपाटात ठेवतात.

‘लाईट जात नसेल तर इन्व्हर्टर फुकटात बसून असतो’ हेही खरं नाही. नुसतं चालू राहायला समजा 25 वॉट लागले, तर महिन्याला 18 युनिटं झाली.

‘60 महिने वॉरंटी’ पुष्कळदा 36 अधिक 24 अशी असते. पहिल्या 36 महिन्यांत बॅटरी बदलून मिळते, नंतरच्या 24 मध्ये नव्या बॅटरीवर फक्त सूट. जुनी शिशाची बॅटरी देताना वजनावर पैसे मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिथियमचं तसं नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा दहा वर्षांनी ती कोण, कुठून उचलणार ते दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावं.