पलीकडचा हात

आयुर्वेदाने रोग्याच्या परीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत, आणि पाश्चात्त्य वैद्यकाने पुढे कितीही यंत्रे निर्माण केली तरी रोग्याच्या खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या चिकित्सकाचा व्यवहार अद्यापही पुष्कळसा या तीन क्रियांच्याच आधाराने चालतो. रोगी एका मुक्कामी आणि डॉक्टर दुसऱ्या मुक्कामी असला म्हणजे या तिहींपैकी प्रश्न तेवढा शाबूत राहतो, दर्शन अर्धेमुर्धे उरते आणि स्पर्शन तर मुळीच नाहीसे होते. असे असता दूरचिकित्सेचे काम मनापासून करणाऱ्या डॉक्टरांना त्यात समाधान वाटते ते कशाच्या बळावर, हे समजून घ्यावे म्हणून मी राऊ येथील एका डॉक्टरबाईंच्या परवानगीने आणि रोग्यांच्या संमतीने त्यांच्या ओपीडीत अनेक दुपारी बसलो.

राऊ हे इंदूरच्या नैऋत्येस, जुन्या आग्रा–मुंबई रस्त्यावर वसलेले गाव. येथून एक वाट महूकडे जाते आणि दुसरी पिथमपूरच्या कारखान्यांकडे. होळकरांच्या अमलात माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी एकात बाई वाढल्या. त्या घरी मराठी बोलतात, रोग्यांशी हिंदी, आणि वृद्ध रोग्यांशी अस्सल माळवी. सकाळी त्या समोर आलेले रोगी तपासतात. दुपारी संगणकापुढे बसून प्रथम महू तालुक्याच्या डोंगराळ भागातील, एका धर्मादाय संस्थेने चालविलेल्या केंद्रांवरचे रोगी पाहतात, आणि त्यानंतर आपापल्या घरून बोलणारे आपले जुने रोगी. या दोन प्रकारांतील अंतर माझ्या ध्यानात हळूहळू येत गेले.

केंद्रावर रोग्याशेजारी एक परिचारिका उभी असते. एके दुपारी पडद्यावर आईच्या मांडीवर बसलेले दोन वर्षांचे खोकणारे मूल दिसले. बाईंनी आईची कैफियत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग म्हणाल्या, “सिस्टर, सदरा वर करा. पूर्ण एक मिनिट मोजा, मीही मोजते.” त्या मिनिटभर दोन्ही मुक्कामी कोणी बोलले नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक वेळा चालला तर तो जलद समजावा, हा बालरोगचिकित्सेतील सर्वमान्य दंडक आहे. येथे दोघींचीही मोजणी त्या मर्यादेपलीकडे गेली आणि दोघींच्या आकड्यांत फरक पडला तो केवळ एकाचा. छातीचा खालचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जात नव्हता, मूल पाणी पीत होते, बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ठीक होते; म्हणून प्रतिजैविकाची मात्रा सिस्टरच्या हाती देऊन, ती आईकडून पाठ म्हणवून घेऊन, दोन दिवसांनी पुन्हा दाखविण्याची तजवीज झाली. इंदूरपर्यंतचा प्रवास, बापाची बुडणारी मजुरी आणि मुलाची फरफट टळली, आणि तपासणीत काही उणे राहिले असे बाईंना वाटले नाही.

त्याच्यामागून एक वृद्ध आले. चालताना दम लागतो, एवढीच त्यांची तक्रार. सिस्टरने न सांगताच त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलल्यावर कॅमेरा तेथे नेला. पडलेला खळगा तसाच राहिलेला पडद्यावर स्पष्ट दिसत होता. मग तिने खालची पापणी ओढून दाखविली, रक्तदाब सांगितला, मानेची शीर उजेडात दाखविली. हृदय दुबळे झाल्याचा संशय घेऊन बाईंनी त्यांना त्याच दिवशी इंदूरला धाडण्याचे ठरविले. तिसरा एक तरुण पोटाच्या उजव्या बाजूला हात धरून बसला होता. दाबलेला हात एकदम उचलताच वेदना उसळते, असे सिस्टरने सांगितल्याबरोबर बाईंनी पुढचा प्रश्नही विचारला नाही. शल्यचिकित्सकाकडे जाण्याची चिठ्ठी लिहिली आणि गाडीची व्यवस्था होईपर्यंत पडद्यावरून हलल्या नाहीत.

मी विचारले, की दुसऱ्याच्या बोटांवर इतका भरवसा कसा ठेवता येतो? बाई म्हणाल्या, “सिस्टरनं ‘पोट मऊ आहे’ म्हटलं, की मी ते माझ्या हाताला लागल्यासारखं मानते; कारण तिला मी इथे खाटेशी उभी करून शिकवलं आहे. अनोळखी माणसानं तेच सांगितलं, तर नाही मानणार.”

या उत्तराला इतिहासाचाही दाखला आहे. १९०५ साली लायडनच्या आइंथोव्हेन या शास्त्रज्ञाने रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचा विद्युत्‌-आलेख सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने आणला, कारण त्याचे अवजड यंत्र हलविणे शक्य नव्हते. परंतु त्या काळी रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवावे लागत, आणि ते काम करणारा मनुष्य रुग्णालयातच हवा होता. २००१ साली इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने चेन्नईचे अपोलो रुग्णालय आंध्रातील अरगोंडा या खेड्याशी जोडले, तेथेही खेड्याच्या बाजूला एक रुग्णालय उभे होतेच. पुढे टाळेबंदीच्या प्रारंभी, २५ मार्च २०२० रोजी, भारत सरकारने दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत आरोग्यसेवकाच्या मार्फत होणाऱ्या सल्लामसलतीचा स्वतंत्र विचार आहे. ध्वनीवरून, चित्रावरून किंवा केवळ ओळख असलेल्या रोग्याला कोणती औषधे लिहावीत याच्या याद्या आहेत. मादक औषधांना पूर्ण मज्जाव आहे. आणि दूरची भेट पुरेशी आहे की रोग्याला समक्षच बोलवावे, हे ठरविण्याची मुखत्यारी सर्वस्वी डॉक्टराकडे ठेवली आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडलेली ‘ई-संजीवनी’ ही सरकारी योजनाही मूलतः अशाच रचनेची: एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला उपकेंद्रावरील सामुदायिक आरोग्य अधिकारी. घरबसल्या रोग्याला थेट डॉक्टराशी बोलता यावे अशी तिची दुसरी शाखा १३ एप्रिल २०२० रोजी तिला जोडण्यात आली.

या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे रोगी घरी एकटा असताना, बाईंचे समाधान केवळ जुन्या ओळखीवर उभे असते. पिथमपूरचा एक कामगार पाळी सुटल्यावर मोबाईलवरून मधुमेहाच्या तपासणीचे आकडे वाचून दाखवितो. त्याची पावले बाईंनी स्वतः तपासलेली आहेत, त्याच्या घरचे जेवण त्यांना ठाऊक आहे, आणि गोळीचा बदल त्या निःशंकपणे सांगतात. उलट, एक अपरिचित तरुण गजकर्णाचा चट्टा अंधुक उजेडात दाखवीत होता. बाईंनी त्याला उजेडात जावयास लावले, लावीत असलेल्या मलमाची नळी कॅमेऱ्यापुढे धरावयास सांगितली, आणि दुकानातून आपण होऊन घेतलेले ते मलम स्टेरॉइडचे निघाले. ते मलम थांबविण्यास सांगून त्यांनी त्याला समक्ष येण्याचा आग्रह केला. तो आला की नाही हे कळण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. संपर्क मधेच तुटणे, एकच तपशील दोनदा लिहावा लागणे, या अडचणींविषयी त्या फारशा बोलत नाहीत. आपण दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे न कळणे, हीच त्यांची खरी खंत आहे. केंद्रावरील रोग्यांच्या बाबतीत ही खंत उरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सिस्टर आपली नोंदवही उघडून प्रत्येक नावाची हकिगत सांगते: इंदूरला पाठविलेले वृद्ध दाखल झाले, तरुणाची शस्त्रक्रिया झाली, मुलाचा ताप उतरला.

जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे, की डॉक्टराचे समाधान हे आपला निर्णय योग्य आधारावर घेतला गेला या खात्रीचे दुसरे नाव आहे, आणि समक्ष भेटीत ही खात्री जो स्पर्श देतो तोच दूरच्या भेटीत कोणाकडून तरी उसना घ्यावा लागतो. म्हणून दूरचिकित्सेवर खर्च करताना सरकारांनी आणि संस्थांनी पडदे व तारा यांच्याइतकीच काळजी त्या परिचारिकेची वाहिली पाहिजे: तिला वर्षातून काही काळ मोठ्या रुग्णालयात खाटेशी शिकण्याची संधी मिळावी, वेतन वेळेवर मिळावे, आणि जिच्या बोटांची ओळख एखाद्या डॉक्टरला पटली आहे तिची वारंवार बदली होऊ नये. डॉक्टरांनीही पडद्यापलीकडच्या सहकाऱ्याला शिकविणे हा आपल्या चिकित्सेचाच भाग मानावा. जेथे या दोन गोष्टी घडतील तेथे अंतर कितीही असो, डॉक्टराला आपल्या कामाची ग्वाही देता येईल. आणि जेथे त्या घडणार नाहीत तेथे तारेवरून शब्द जातील, पण रोग्याची तपासणी झाली असे म्हणता येणार नाही.